दहावा ट्रॅक्टर

मागच्या उन्हाळ्यात चार दिवस सुट्टी काढून नामपूरला गेलो होतो. तिथे मामांचं कांद्याचं खळं आहे. त्यांच्या वह्या बघून माझ्यातला इंजिनीयर जागा झाला (आजार जुनाच!) आणि दोन रात्रीत मी त्यांना हिशोबाचं एक वेब पेज बनवून दिलं. ट्रॅक्टर आला की 'नवीन ओळ' दाबायचं, वजन, भाव, हमाली, तोलाई भरायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हिशोबपट्ट्या एकदम छापायच्या.

दिवसाला किती ओळी होतील ते आधी कसं कळणार? म्हणून चौकटींचे आयडी जावास्क्रिप्टच तयार करायची. कपात_1_हमाली, कपात_1_तोलाई, मग कपात_2_हमाली... एका ट्रॅक्टरच्या सगळ्या कपातींची बेरीज करायची तर गेटएलिमेंटबायआयडी कामाचं नाही, त्याला पूर्ण नाव लागतं. क्वेरीसिलेक्टरऑलला मात्र अर्धं नावही चालतं. चौकोनी कंसात आयडी लिहायचं आणि = च्या आधी एक चिन्ह टाकायचं. ^ म्हणजे 'या अक्षरांनी सुरू होणारे', $ म्हणजे 'यांनी संपणारे', * म्हणजे 'मध्ये कुठेही हे असलेले'. आमचे सीनियर सांगतात, 2006 मध्ये जेक्वेरी येण्याआधी पानावरच्या सगळ्या चौकटींवर लूप फिरवून प्रत्येकीचं नाव इंडेक्सऑफने तपासावं लागायचं. आम्ही सुखात वाढलेली पिढी :)

तर मी लिहिलं: [आयडी^="कपात_1"]. तीन ओळी भरून तपासलं. बेरीज चोख. मामा खूश, मामी खूश, मी पुण्याला परत.

आठवड्याने मामांचा फोन. "भाचा, हाई कसं व्हयनं?" त्या दिवशी बारा ट्रॅक्टर आले होते. पहाटेच निघून पहिला नंबर लावलेले एक म्हातारे बाबा पट्टी घेऊन परत आले होते. हमाली-तोलाई चौपट कापली गेली होती. बाकी अकरा जणांचं सगळं बरोबर!

मला फोनवरच घाम फुटला. 'कपात_1' ने सुरू होणाऱ्यात कपात_10, कपात_11 आणि कपात_12 पण येतात ना! बाजारात नुसतं "आप्पा" म्हणून हाक मारली की दहा माना वळतात, तसंच. नऊ ट्रॅक्टरपर्यंत ही चूक दिसणंच शक्य नव्हतं, आणि मी तपासलं होतं तीनवर. ऑफिसमध्ये असा बग निघाला तर तिकीट पडतं, कोणीतरी सावकाश बघतं. इथे ज्या माणसाचे पैसे कमी झाले तो समोर उभा होता, आणि मामांच्या तीस वर्षांच्या शब्दावर माझ्या कोडने डाग पाडला होता. बाबांनी पट्टी वाचलीच नसती तर?

दुरुस्ती एका अक्षराची निघाली. 'कपात_1' नंतर अंडरस्कोअर: 'कपात_1_'. नंतर मी ते सगळंच काढून प्रत्येक ओळीच्या कपाती त्या ओळीच्या आतच शोधायला लावल्या, आयडीवर विसंबायलाच नको. हे पहिल्या रात्रीच सुचायला हवं होतं, पण * आणि ^ वापरायची हौस!

बाबांना मामांनी फरक लगेच मोजून दिला, वर चहा. ते काही बोलले नाहीत म्हणे. फक्त जाताना पट्टीवरची बेरीज बोटांवर पुन्हा एकदा करून गेले.

मामा अजून तेच पेज वापरतात. पण दहावा ट्रॅक्टर खळ्यात शिरला की पहिल्या पट्टीची बेरीज वहीत करून बघतात, आणि जुळली की मला फोन करतात.