पाणी जाते कुठे?

"अगोदर रोग ओळखा, मग औषध मारा," असे मी इतकी वर्षे गावोगाव सांगत आलो. पण घरचा ट्रॅक्टर आजारी पडला, तेव्हा माझे हे ज्ञान कुठे गेले कोण जाणे!

गोष्ट २०११ सालच्या दसऱ्याची. सुटीवर गावी गेलो होतो. सोयाबीनची मळणी चालू होती. भूस उडून रेडिएटरच्या जाळीत बसले आणि इंजिन तापले. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, जरा निवू दे." पण आभाळ भरून आले होते, मला घाई. पोते धरून टोपण उघडले आणि विहिरीचे गार पाणी बादलीभर ओतले. वाफेने हात भाजता भाजता वाचला. इंजिन मात्र वाचले नाही.

दुसऱ्या दिवसापासून रेडिएटरचे पाणी रोज कमी होऊ लागले. खाली थेंब नाही, पाइप कोरडे. एकाने सांगितले, "इंजिन उतरवा, बोअरचे काम आहे." भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त म्हणाला, "बैलजोडी काढावी लागेल." त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी तालुक्याहून एक म्हातारे मिस्त्री आणले. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी तेलाची पट्टी पाहिली. तेल दुधाळ चहासारखे! रात्रभर उभ्या इंजिनचा तळाचा नट सैल केला, तर आधी पाणी आले, मग तेल. पाणी जड, ते तळाशी बसते. नट घट्ट करून, गार इंजिनचे टोपण काढून त्यांनी क्षणभर स्टार्टर मारला. रेडिएटरमध्ये बुडबुडे उसळले, धुराड्यातून पांढरी वाफ निघाली. लगेच बंद केले.

"साहेब, सिलिंडरची हवा पाण्यात जाते आणि पाणी तेलात. हेड गॅस्केट गेली किंवा हेडला चीर आहे. उघडल्यावर कळेल."

गॅस्केटच जळाली होती. तापून हेड किंचित वाकले होते. ते घासून सपाट करून आणले. बोल्ट मधून बाहेर, क्रमाक्रमाने आवळले. तेल आणि फिल्टर बदलले. बोअर शाबूत होते. बैलजोडी दावणीलाच राहिली.

बंधूंनो, मळणीत रेडिएटरची जाळी रोज झाडा. इंजिन तापले तर भार काढा, पूर्ण निवू द्या, मगच टोपण उघडा. गळती न दिसता पाणी कमी झाले तर पट्टी पाहा. तेल दुधाळ दिसले तर ट्रॅक्टर मुळीच चालवू नका. पाणी मिसळलेले तेल बेअरिंग खाते आणि सिलिंडरात साचलेले पाणी कनेक्टिंग रॉड वाकवते.

आजही मी कशाची घाई केली, की भाऊ हसून म्हणतो, "दादा, जरा निवू दे." मी निमूटपणे थांबतो.