फोंतेन्हासमधल्या दोन रात्री आणि एक शेरा

या पानावर मी बहुतेक वेळा नुसता वाचक असतो. आज जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मी मूळचा सदलग्याचा. निपाणीजवळच्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजातून बी. कॉम. झालो. (निपाणी कर्नाटकात आणि निपाणीचं कॉलेज महाराष्ट्रात, हे बाहेरच्या माणसाला अजून पटत नाही.) १९७२ला बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता वर्षातले सहा-आठ महिने गावातच असतो. दूधगंगेच्या २०१९च्या महापुरात आमच्या वाड्याची परड्याकडची भिंत गेली. ती अजून तशीच आहे. पुढच्या सोप्यात आम्ही दोघं राहतो.

२०२४च्या डिसेंबरात आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन आला, "बाबा, गोव्याला दोन रात्री बुक केल्यात. बुटीक हॉटेल आहे." बुटीक म्हणजे ब्लाऊज शिवणारं दुकान, एवढंच आमच्या सौ.ना माहीत. त्या म्हणाल्या, "तिथं राहायचं कसं?" मी विचारलं, "गोव्यात कुठं?" तो म्हणाला, "पणजीत, फोंतेन्हास. सध्या फार ट्रेंडी एरिया आहे."

मी गप्पच झालो. १९७७ ते ७९ मी त्याच वस्तीत राहायला होतो, हे मुलाला ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं.

आजरा, आंबोली, सावंतवाडी करत दुपारी पोचलो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फोंतेन्हास म्हणजे पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती. मागं आल्तिनोची टेकडी, पुढं ओरेंची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या गल्ल्यांत पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची कौलारू घरं. पोर्तुगीज अमलात दर पावसाळ्यानंतर घर रंगवावं लागे आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला असे, असं सांगतात. गल्लीच्या टोकाला १८८०चं सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल आहे. ते आहे तसंच आहे. बदललीत ती माणसं. आमच्या वेळी संध्याकाळी इथं खुर्ची टाकून बसलेले म्हातारे आणि सायकलवरचा पोदेर, एवढीच वर्दळ असायची. आता प्रत्येक दारापुढं कुणीतरी मोबाइल धरून उभं. लग्नाआधीचे फोटो काढायला नवरा-नवरी सगळ्या लवाजम्यासह आलेली. काही घरांवर तर 'इथं फोटो काढू नयेत' अशा पाट्याच लागल्यात. राहणाऱ्याच्या खिडकीत येऊन कुणी पोज द्यायला लागलं तर तो तरी किती सहन करणार?

हॉटेलचं नाव देत नाही, जाहिरात वाटायला नको. जुनंच घर, अकरा खोल्यांचं. लिफ्ट नाही, लाकडी जिना. खोल्यांना नंबर नाहीत, फुलांची नावं. चौखांबी पलंग, त्याला पांढरी मच्छरदाणी, खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांचे पापुद्रे बसवलेले. टीव्ही नाही. तो मुद्दाम ठेवत नाहीत म्हणे. बाथरूमची भिंत मात्र अर्धी काचेची! पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतरसुद्धा सौ.नी त्या काचेवर आपली साडी टाकली ती दोन दिवस काढली नाही.

सामान वर आणणारा मुलगा हळूच म्हणाला, "काका, तुम्ही आमच्याकडचे वाटता." तो खानापूर तालुक्यातला, नंदगडचा. त्याच्याकडून खोलीचं भाडं कळलं, कारण मुलगा सांगत नव्हता. एका रात्रीचे साडेनऊ हजार. माझी बँकेतली खोड जात नाही. या गल्लीत मी महिना पंचाहत्तर रुपये भाडं द्यायचो. म्हणजे या एका रात्रीच्या पैशांत तेव्हा साडेदहा वर्षं राहिलो असतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

मी ज्या घरात राहायचो ते या हॉटेलापासून साठ-सत्तर पावलांवर. घरमालकीण साठीच्या ख्रिश्चन बाई, विधवा. सगळी गल्ली त्यांना आंटी म्हणायची, मीही म्हणायचो. मी शाकाहारी म्हणून त्यांनी माझ्यासाठी वेगळं पातेलं आणि वेगळा डाव ठेवला होता. त्यात नारळाच्या वाटणातलं अळसांद्यांचं तोणाक करायच्या, सोबत गरम पोई. रात्री बँकेतून उशिरा आलो तर आतून आवाज यायचा, "जेवलो रे?" घरी सदलग्याला मी खाणावळीत जेवतो असंच कळवलं होतं.

१९७८चा पावसाळा जोराचा झाला. घराच्या तुळया कुजल्या होत्या, कौलं सरकली होती, माझ्या पलंगाशेजारी दोन घमेली ठेवावी लागली. पावसाळा संपल्यावर आंटींनी आमच्या शाखेत कर्जाचा अर्ज केला. पंधरा हजार रुपये. छप्पर नवं करायचं आणि वरच्या चार खोल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या. "कळंगुटला जाणारी गोरी माणसं एक-दोन रात्री पणजीत राहतात, त्यांना असलं जुनं घर आवडेल," असं त्यांचं म्हणणं. बाईंनी हिशेबही मांडून आणला होता. हिशेब चुकीचा नव्हता.

तारणाला मात्र काही नव्हतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा वारसा कायदा चालतो. मिळकतीत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा, आणि मुलगा-मुलगी सारखे वारस. नवऱ्याचा अर्धा भाग तीन मुलांच्या नावे झालेला, त्यातला एक लिस्बनला, एक मुंबईत, मुलगीही परदेशात. सह्या आणायच्या कुठून? सोनं होतं, पण तेही हाताशी नव्हतं. पोर्तुगीज काळात त्यांनी दागिने बँको नॅशनल उल्ट्रामारिनोमध्ये गहाण ठेवले होते. १९६१च्या डिसेंबरात भारतीय सैन्य येण्याआधीच त्या बँकेनं लोकांचे गहाण दागिने लिस्बनला हलवले. कित्येक गोवेकरांच्या हातात नुसती पावती राहिली. आंटींनी ती पावती जपून ठेवली होती. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हें भांगर माझें." आम्ही सोन्यावर कर्ज द्यायचो, सोन्याच्या पावतीवर नाही.

कर्जाची टिपणी लिहायचं काम माझ्याकडे होतं. मॅनेजरांनी विचारलं, "तुम्ही तिथंच राहता, तुमचं मत काय?" खरं म्हणजे त्या घरात राहतो म्हणून हा कागद मी हातात घ्यायलाच नको होता. पण नवीन अधिकारी झालेलो, आपण ओळखीला भुलत नाही हे दाखवायची हौस. मिळकत सामाईक, अर्जदार वयस्कर, हे लिहिलं. ते बरोबरच होतं. त्यापुढं मी आपल्या मनानं एक शेरा मारला. इंग्रजीत होता, अर्थ असा की गल्ली अरुंद, वस्ती जुनी व पडीक, इथं राहायला प्रवासी येण्याची शक्यता नाही.

अर्ज नामंजूर झाला. संध्याकाळी आंटींनी तोणाक वाढता वाढता म्हटलं, "पुता, तुज्या मॅनेजराक घराची किंमत कळना." मी मान खाली घालून जेवलो. मॅनेजरांनी मीच लिहिलेल्या टिपणीवर सही केली होती. मी ते बोललो नाही. पुढं मार्चमध्ये बदली होईपर्यंत पाच महिने रोज त्याच ताटात जेवलो, आणि एकदाही बोललो नाही.

तर परवा दुसऱ्या दिवशी सकाळी सौ. अजून झोपेत असताना एकटाच त्या घराकडे गेलो. छप्पर बसलेलं. वर निळी ताडपत्री, तीही फाटलेली. दाराला साखळी आणि कुलूप. भिंतीचा निळा रंग पोपडे येऊन असा काही झालाय की दोन मुली त्याच्यापुढं उभ्या राहून फोटो काढत होत्या. मला म्हणाल्या, "अंकल, जरा बाजूला होता का?" झालो.

समोरच्या बाल्कनीत एक गृहस्थ चहा पीत होते. त्यांनी ओळखलं नाही, पण बोलले. आंटी १९८९ला गेल्या. लिस्बनहून लोकांचे दागिने परत आले ते १९९१ला. घराचे आता चौदा वारस, चार देशांत. हॉटेलवाले तीनदा विचारून गेले, भाडेपट्ट्यानं घ्यायला तयार आहेत, पण सगळ्या सह्या जमत नाहीत.

परत आलो तर नाश्ता मांडलेला. त्यात पोई आणि लोणी, मेनूकार्डावर एकशे ऐंशी रुपये. सौ.नी विचारलं, "काय झालं? तोंड असं का?" तेव्हा पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, तुमची काय चूक, नियमच तसा होता. त्या म्हणाल्या, "नियमाचं राहू द्या. तिच्या हातचं जेवत होतात, तर तिला सांगायचं तरी होतं."

मी त्यावर पुष्कळ विचार केला. तोच अर्ज आज टेबलावर आला तर मिळकतीबद्दल मी तेच लिहीन. सामाईक घरावर चार सह्यांशिवाय कर्ज देणारा अधिकारी मूर्ख. पण प्रवासी येणार नाहीत, हे लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला माहीतही नव्हतं. त्या गल्लीला मी फक्त सदलग्याहून आलेल्या, पंचवीस-तीस वर्षांच्या, स्लॅबच्या घराची स्वप्नं बघणाऱ्या पोराच्या डोळ्यांनी बघत होतो. जुनं म्हणजे पडीक, हा हिशेब माझा होता. बँकेचा नव्हता.

निघताना त्या नंदगडच्या पोरानं अभिप्रायाचा कागद पुढं केला. सेवा, स्वच्छता, नाश्ता, सगळ्याला उत्तम लिहिलं. 'इतर सूचना' या ओळीवर पेन थोडा वेळ थांबला. मग काचेच्या भिंतीला पडदा लावा, एवढंच लिहिलं.

घाट चढताना सौ. म्हणाल्या, "आपल्या वाड्याचा उतारा अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे ना?" होय की. आम्ही चार भाऊ. एक इचलकरंजीत, एक पुण्यात, धाकट्याचं कुटुंब बडोद्याला. भिंत कुणाच्या वाट्याची यावर पाच वर्षं गेली आणि भिंत तशीच राहिली. संक्रांतीला सगळ्यांना फोन लावले. वाटणीपत्राचा मसुदा मीच लिहिलाय, तिघांनी होकार दिलाय. बडोद्याची वहिनी विचार करून सांगते म्हणाल्या. त्यांचा मुलगा या पानावर असतो. बाळा, वाचत असशील तर आईला म्हणावं, काकांनी मसुद्यात आपला कुठलाही शेरा मारलेला नाही. एकदा वाचून बघा.