पाण्यावरचा रिकामा दिवस

कोलंबोचे दिवे संध्याकाळी मागे पडले आणि रात्री कधीतरी मोबाइलचं नेटवर्कही गेलं. पुढचं बंदर पेनांग. मध्ये दोन पूर्ण दिवस फक्त पाणी. मुंबई सोडल्यापासून गोवा, कोची, कोलंबो अशी सारखी चढ-उतर चालू होती, त्यामुळे या पहिल्या रिकाम्या दिवसाची मी वाटच पाहत होते. सहामाहीचे पेपर तपासून डोळे शिणले होते. काहीही करायचं नाही, एवढाच माझा बेत होता.

अब्बांना मात्र रिकामं बसणं जमत नाही. सत्तावीस वर्षं ते जहाजांवर होते, इंजिनरूममध्ये तेलवाला म्हणून. श्रीवर्धनकडच्या आमच्या गावात घराघरात असं कुणी ना कुणी होतं. आता ते पंच्याहत्तरीला आलेत, एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. धाकटा भाऊ कतारला असतो. "आयुष्यभर जहाजाच्या पोटात काम केलंत, एकदा मुसाफिर म्हणून वर बसा," म्हणत त्यानेच तिघांची तिकिटं काढली. अब्बा सहा महिने हो-नाही करत होते.

फज्रला उठले तेव्हा भाऊ मोबाइलवर किब्ला शोधत होता आणि काटा भलतीकडेच फिरत होता. अब्बा हसले. "लोखंडाच्या डब्यात होकायंत्र लावतोस?" त्यांनी केबिनमधला टीव्ही लावला. त्यावर जहाजाचा नकाशा सतत दिसतो. जहाज पूर्वेला चाललेलं, म्हणजे पश्चिम जहाजाच्या मागच्या बाजूला. इथून मक्का मुंबईपेक्षा जरा जास्त उत्तरेकडे झुकते, म्हणून मागे तोंड करून थोडं उजवीकडे वळायचं. खाटेच्या आणि कपाटाच्या मधल्या जागेत जानमाज तिरकी अंथरली. जहाज वळलं तर नमाजीनेही वळायचं, असं ते म्हणाले. त्या दिवशी वळायला कारणच नव्हतं. जहाज दिवसभर सरळ रेषेत चाललं होतं.

नाश्त्याला भारतीय खाण्याचं वेगळं टेबल होतं. हलालचं पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं होतं. खात्री नाही ते घ्यायचं नाही, असं ठरवल्यावर मासे, अंडी, भाजी, फळं यांवर माणूस मजेत राहतो. अब्बांना फक्त तांदळाच्या भाकरीची आठवण येत होती. जहाजावर बाकी बरंच काही चालतं. नाच, जुगार, दारू, सगळं आहे. पण कुणी हाताला धरून नेत नाही. आम्ही डेकवर सावलीत तीन खुर्च्या पकडल्या.

जहाज ताशी वीस नॉटने जात होतं, म्हणजे सदतीस किलोमीटर. आपली लाल डबा एसटी बरी! पण एसटी थांबते, हे थांबत नाही. चोवीस तासांत जवळजवळ नऊशे किलोमीटर. पाणी निळं नव्हतं, शाईसारखं गडद होतं. खाली तीन किलोमीटरहून जास्त खोली. उजव्या हाताला, दक्षिणेला, थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. भूगोलाच्या तासाला मी नकाशावरून किती वेळा बोट फिरवलं असेल, पण हे कधी जाणवलं नव्हतं.

रिकामा समुद्र मात्र रिकामा नव्हता. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा हा मोठा रस्ता आहे. क्षितिजावर सारखं कुणीतरी दिसत होतं. अब्बा लांबूनच सांगत होते. "तो टँकर बघ, पाण्यात बसलाय. आखातातून तेल भरून चाललाय. आणि तो समोरून येणारा, खालचा लाल रंग दिसतो ना, रिकामा आहे." मी विचारलं, "या पाण्यावरून तुम्ही किती वेळा गेलात?"

"वीसेक वेळा गेलो असेन," ते म्हणाले. "बघितलं नाही."

बारा वाजायला आले तसे ते अस्वस्थ झाले. उठले, कठड्याला हात लावून उभे राहिले, परत बसले. त्यांची पाळी बारा ते चारची असायची, दुपारी बारा ते चार आणि पुन्हा रात्री बारा ते चार. मधले आठ तास झोप, नमाज, जेवण, कपडे धुणं. वर हवेवर यायचं ते बहुतेक अंधारात. खाली उन्हाळ्यात अंग भाजायचं आणि आवाज असा, की शेजारच्याशी हाताच्या खुणांनी बोलायचं. या जहाजाच्या कठड्यात त्यांना इंजिन लागेना. भावाने सांगितलं, इथे इंजिन वीज तयार करतं आणि विजेच्या मोटारी पंखा फिरवतात. अब्बांनी पुन्हा एकदा हात लावून पाहिला. "पोरांचे कान वाचले," एवढंच म्हणाले.

आम्ही शाफई, सफरीत जुहर-असर एकत्र करून, दोन-दोन रकात पढून वर आलो, तर एक तरुण खुर्च्या पुसत होता. बोलण्यावरून आपल्याकडचा वाटला. निघाला रत्नागिरीचा. अब्बांनी लगेच चौकशी सुरू केली. किती महिन्यांचं काँट्रॅक्ट? आठ. घरी कोण? बायको आणि मुलगी, दीड वर्षाची. "फोन करतोस?" "बंदरात लागलो की रोज करतो, चाचा. व्हिडिओवर बघते, पण मांडीवर घेतलं की रडेल आता." अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि आपली खुर्ची स्वतः पुसली. तो ओशाळून नको नको म्हणत राहिला.

मला आमच्या घरचा दरवाजा आठवला. दोन वर्षांनी एक दाढीवाला माणूस पेटी घेऊन आत आला होता आणि मी अम्मीच्या मागे लपले होते. हे मी अब्बांशी कधी बोललेले नाही. त्या दुपारीही बोलले नाही. त्यांनीच विषय काढला, पण दुसऱ्या बाजूने.

हजच्या जहाजावर त्यांनी दोन हंगाम काढले होते. मुंबई-जिद्दा ही जहाजं 1995 मध्ये बंद झाली, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. वाट सुमारे 2300 सागरी मैलांची. यलमलमच्या समोर जहाज आलं की वर पुकारा व्हायचा आणि हाजी एहराम बांधायचे. "आम्ही खाली," अब्बा म्हणाले. "वरून 'लब्बैक'चा आवाज पाइपातून आल्यासारखा यायचा. मग अंदाजाने कळायचं, आलं. तेलाचे हात घेऊन आम्ही पण म्हणायचो. त्या वेळी तुझं नाव घ्यायचो. तू तेव्हा बोलायला लागली होतीस, अम्मीने खतात लिहिलं होतं."

मी चहा आणायला उठले.

मगरिबला अजान नव्हती, पण वेळेची शंकाही नव्हती. सूर्य जहाजाच्या मागे सरळ पाण्यात उतरला. अब्बा कठड्याला टेकून तो पूर्ण बुडेपर्यंत बघत होते. बाजूला फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती, त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

रात्री जेवणानंतर घोषणा झाली, घड्याळ एक तास पुढे करा. भावाने आपलं केलं, मग अब्बांचं मनगटावरचं जुनं घड्याळ काढून घेतलं. अब्बा म्हणाले, "आमच्या वेळी तासाचे तीन भाग करायचे. प्रत्येक पाळीला वीस मिनिटं. पूर्वेला जाताना आमची पाळी वीस मिनिटांनी लहान व्हायची."

"आणि परत येताना?" मी विचारलं.

"घरी येताना वीस मिनिटं मोठी."

भावाने घड्याळ त्यांच्या हाताला बांधलं. पावणेबाराला मला जाग आली तेव्हा ते उठून बसलेले होते. मी शाल घेतली आणि आम्ही दोघं वर डेकवर गेलो.