ताबडतोब म्हणजे केव्हा?

इंदूरची माझी मावशी आमच्या मासिकाची जुनी वाचक आहे. अंक हाती पडला की मुखपृष्ठापासून वर्गणीच्या दरापर्यंत ती सारे वाचते आणि जे खटकेल ते पत्राने कळविते. एका पावसाळ्यात तिचे असेच पत्र आले. आशीर्वाद, प्रकृती, पाऊसपाणी यांनंतर एकच प्रश्न होता : “तुमच्या कचेरीत ‘ताबडतोब’ आणि ‘लवकर’ यांत किती दिवसांचे अंतर धरतात, ते कळव.”

प्रश्नामागची हकीकतही पत्रातच होती. शेजारच्या आठ वर्षांच्या मुलाला शनिवारी संध्याकाळी गल्लीतले कुत्रे पोटरीला चावले. त्याची आई घाबरून मावशीकडे धावली. मावशीने आमचा अंक काढला. त्यात श्वानदंशावर एक लेख होता आणि इंग्रजीवरून तो मीच मराठीत उतरविला होता. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने ‘ताबडतोब’ धुवावी, असे त्यात म्हटले होते. दोघींनी मुलाला नळाखाली धरले आणि घड्याळाकडे पाहत चांगली पंधरा मिनिटे जखम धुतली. पुढे, ‘सत्वर’ डॉक्टरकडे न्यावे, असे होते. दिवेलागणीच्या आत त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि लशीसाठी मोठ्या रुग्णालयात जावयास सांगितले. घरी येऊन पुन्हा लेख उघडला, तर लस ‘लवकर’ सुरू करावी असे शब्द. रात्र होत आली होती, दुसरा दिवस रविवारचा. लवकरच ना, मग सोमवारी जाऊ, असे मुलाच्या आईने ठरविले; मावशीलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

मी मूळ लेख काढून पाहिला. तिन्ही ठिकाणी एकच शब्द होता : ‘इमीजिएटली’.

शाळेत आम्हांला निबंध शिकविणाऱ्या गुरुजींचा एक परिपाठ होता. एका परिच्छेदात एकच शब्द दोनदा आला की ते त्याभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढीत. त्या धाकाने मी प्रतिशब्दांची एक वही केली. ती आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. ‘इमीजिएटली’ खाली तीत दहा-बारा शब्द आहेत. त्यांतले तीन एका परिच्छेदात बसविले त्या दिवशी मला समाधान वाटले होते, हेही पत्र वाचताना आठवले आणि फार ओशाळल्यासारखे झाले.

शब्द बदलला त्या अर्थी काही भेद असला पाहिजे, असे मावशीने धरले. त्यात तिचे काय चुकले? न्यायालयेही असेच वाचतात. १९५६ च्या जानेवारीत, राज्यपुनर्रचनेच्या प्रश्नावरून मुंबईत दंगली उसळल्या असताना, प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली काहींना पकडण्यात आले. अशा हुकुमाची खबर अधिकाऱ्याने सरकारला ‘फोर्थविथ’ द्यावी, असे त्या कायद्याचे एक कलम सांगत होते. स्थानबद्धाला कारणे ‘ॲज सून ॲज मे बी’ कळवावीत, असे दुसरे. दोहोंचा अर्थ एकच काय, हा प्रश्न त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एकाच कायद्यात दोन निराळे शब्द आहेत, तेव्हा त्यांचा अर्थ एक मानता येणार नाही आणि पहिला अधिक निकडीचा आहे, असे न्यायालयाने ठरविले. प्रत्यक्षात झालेला काही दिवसांचा उशीर शहरातील परिस्थितीमुळे टाळता येण्याजोगा नव्हता, असे मानून अर्ज फेटाळण्यात आला, ही गोष्ट निराळी.

निकड सांगणाऱ्या शब्दांचे आणखीही एक दुखणे आहे. ते झिजतात. इंग्रजीतील ‘सून’ या शब्दाचा अर्थ फार पूर्वी ‘याच क्षणी’ असा होता. ‘ॲनन’ आणि ‘प्रेझेंटली’ यांचाही तसाच. येतो म्हणणारी माणसे उशिरा येत राहिली आणि त्यांच्याबरोबर शब्दही उशीर करू लागले. आपण तरी काय निराळे करतो? “आत्ता आलो” म्हणून वाण्याकडे गेलेला माणूस अर्ध्या तासाने परततो, आणि घरात कुणाला त्याचे नवल वाटत नाही. रेल्वेचे ‘तत्काळ’ तिकीट आदल्या दिवशी काढावे लागते.

वहीतले शब्द मग मी एकेक करून पुन्हा तपासले. ‘तडकाफडकी’त राग आहे, माणूस तडकाफडकी राजीनामा देतो, लस टोचून घेत नाही. ‘झटपट’ स्वयंपाकघरात शोभतो. ‘तातडीने’ बरा, पण कचेरीच्या कागदांवर तो इतक्यांदा उमटला आहे की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. ‘सत्वर’ पत्रिकेत आणि स्तोत्रात गोड लागतो. आजारी मुलाच्या उशाशी बसून तो कोणी उच्चारीत नाही. आणि ‘लवकर’ तर या पंक्तीतलाच नव्हे. “सकाळी लवकर ऊठ” म्हणताना आपण ठरल्या वेळेच्या आधीची वेळ सांगतो, “लवकर बरे व्हा” म्हणताना केवळ इच्छा. त्यात निकड आहे, पण घड्याळ नाही. ते ज्याने त्याने आपल्या मनाचे घालावयाचे, आणि त्या माउलीने सोमवारचे घातले.

सोमवारी सकाळी पहिली सुई टोचली गेली. मावशीला धीर देण्यासाठी मी लुई पाश्चर यांची हकीकत लिहिली. जोझेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आणला गेला, तेव्हा त्याला ४ जुलै १८८५ रोजी कुत्रे चावलेले होते आणि पहिली लस ६ जुलैला टोचली. तोही शनिवार आणि सोमवारच होता. मुलगा वाचला. पत्र पाकिटात घातल्यावर वाटले, हे दिलासा म्हणून ठीक, पण उद्या कोणी सबब म्हणून वाचले तर? या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की बहुधा काहीच उपाय उरत नाही. पाकीट पुन्हा उघडून तेवढे वाक्य जोडले.

पुढील अंकात संपादकांच्या संमतीने दुरुस्ती छापली. तीत ‘ताबडतोब’ तीनदा आला आहे आणि प्रत्येकाला वेळेची जोड आहे : जखम ताबडतोब, म्हणजे इतर काही करण्यापूर्वी, पंधरा मिनिटे धुवावी, डॉक्टरकडे ताबडतोब, म्हणजे धुणे संपताच, न्यावे, लस ताबडतोब, म्हणजे त्याच दिवशी, रात्र असो वा रविवार, सुरू करावी. दातांनी कातडी फुटली असल्यास जखमेतच टोचावयाचे दुसरे औषधही लागते, ते त्याच वेळी विचारून घ्यावे, अशीही एक ओळ घातली.

मुद्रिते तपासताना आमच्या तरुण सहकाऱ्याने तिन्ही ‘ताबडतोब’खाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात लिहिले होते, “पुनरुक्ती?” मी त्याला बोलावून मावशीचे पत्र वाचावयास दिले. अठ्ठाविसाव्या दिवसाची शेवटची सुई झाल्याचे दुसरे पत्र तोवर आले होते, तेही दिले.