आधी बीची तपासणी

हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू करण्याआधी जितक्या कमी तपासण्या, तितकं बरं, असं माझं ठाम मत होतं. डॉक्टरांच्या बैठकांत मी ते जोर लावून मांडायचो. इंटरफेरॉनचा काळ मी पाहिला आहे. सहा महिने, कधी वर्षभर इंजेक्शनं, ताप, खोल उदासी, आणि इतकं सोसूनही बरं होण्याची खात्री नाही. २०१५ साली सोफोसबुव्हिरच्या भारतात बनलेल्या गोळ्या आल्या आणि बहुतेक रुग्ण बारा आठवड्यांत बरे होऊ लागले. अशा वेळी आजारपणापायी कर्जात गेलेल्या माणसाच्या हातात लॅबची आणखी एक चिठ्ठी द्यायची, हा मला अन्याय वाटे. दर जादा तपासणीपाशी काही माणसं गळतात आणि परत येत नाहीत. हे मी आजही म्हणतो.

मत बदललं ते एका तपासणीपुरतं, हिपॅटायटिस बीच्या.

ऑक्टोबर २०१६मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने सीच्या या नव्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. सीवर उपचार चालू असताना दबलेला बी उसळल्याच्या २४ घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या. दोघे दगावले, एकाला यकृतरोपण करावं लागलं. एवढ्या मोठ्या जगात चोवीस म्हणजे कितीसे, असंच मला आधी वाटलं. पण त्याच निवेदनातली दुसरी गोष्ट मनातून जाईना. ज्या औषध-चाचण्यांचे निकाल पुढे करून मी भांडत होतो, त्यांत बीची लागण असलेल्यांना घेतलंच नव्हतं. त्यांच्याबद्दल ते निकाल काहीच सांगत नव्हते.

मग मी हे नीट समजून घेतलं. दोन्ही विषाणू एकाच यकृतात असले की बहुधा सी वरचढ ठरतो आणि बीची वाढ दाबून ठेवतो. रक्तात बीचा व्हायरल लोड नगण्य दिसतो, पण त्याचा डीएनए यकृताच्या पेशींच्या केंद्रकात ठाण मांडून असतो. इंटरफेरॉनचा थोडाफार मारा दोघांवर होई, नव्या गोळ्यांचा फक्त सीवर. सी ओसरला की बीला रान मोकळं. हा उद्रेक बहुतेकदा गोळ्या सुरू झाल्यावर चार ते आठ आठवड्यांत होतो. म्हणजे सीचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊन घरात पहिल्यांदा हसू फुटतं, नेमके त्याच दिवसांत डोळे पिवळे होऊ शकतात. हे मला सहन होण्यासारखं नाही.

दोघांचे पसरण्याचे काही रस्तेही एकच आहेत, दूषित रक्त आणि दूषित सुई. बीची लस देशभरच्या सरकारी लसीकरणात आली २०११मध्ये, त्यामुळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांना ती मिळालेलीच नाही.

शिवाय बीची कार्ड टेस्ट बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होते. सी निघाला त्याच दिवशी, त्याच टेबलावर ती करा. पॉझिटिव्ह आली तर सीच्या गोळ्यांसोबत बीला दाबणारं टेनोफोव्हिर द्या आणि सीचा कोर्स संपल्यावरही निदान बारा आठवडे चालू ठेवा. बी निघाला म्हणून सीचा उपचार लांबवू मात्र नका. २०१८पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्ही आजारांची औषधं मोफत आहेत. आणि कार्ड निगेटिव्ह आलं, लस झालेली नसेल, तर रुग्ण उठायच्या आत पहिला डोस टोचा.