तुळईचा छेद

वाईच्या आमच्या घरात माजघराच्या डोक्यावरून एक सागवानी तुळई गेलेली आहे, आणि त्या तुळईच्या डोक्यावर माझी आई राहते. वय वर्षे चौऱ्याहत्तर. सोळा पायऱ्यांचा जिना ती दिवसातून चारदा चढते-उतरते, आणि खाली निजायला ये म्हटले, की "खाली डास फार" म्हणते. डास वरही आहेत. पण वर नदीकडची खिडकीही आहे, हे मात्र ती बोलून दाखवीत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर ही तुळई कुरकुरू लागली. आई पलंगावरून उठून खिडकीशी गेली, की खाली चहा पीत बसलेल्या माणसाला ते बिनचूक कळे. दादाने लगेच निकाल दिला : माडी उतरवून टाकावी आणि आईला पुण्याला न्यावे. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. वृत्त मोडले तर माझ्याकडे येतील. तुळई मोडली तर कशाला येतील? तरी मी गुपचूप माझ्या भाचीला बोलावून घेतले. ती इमारतींच्या सांगाड्यांची गणिते करते.

ती टेप, हातोडी आणि लॅपटॉप घेऊन आली, आणि शिडीवर चढून तिने वैद्याने नाडी पाहावी तशी तुळई ठोकून पाहिली. सहा इंच रुंद, नऊ इंच उंच, मध्यावर जुनी चीर. आणि दोन्ही अंगांना सहा-सहा इंची लोखंडी चॅनेल, बोल्टांनी आवळलेली. ही चॅनेल वडिलांनी १९८६ साली बसवून घेतली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि मिस्त्रीला बॅटरी धरून उभा होतो. हात दुखला म्हणून बॅटरी खाली केली, तेव्हा वडिलांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून आठवते.

"मामा, हे कुठल्याच टेबलात नाही हो," शिडीवरून उतरत ती म्हणाली.

कारखान्यातून निघणाऱ्या पोलादी तुळयांची कुळी-गोत्रे कोष्टकात लिहून ठेवलेली असतात. नाव सांगितले, की उंची, रुंदी, वजन, ताकद सगळे हजर. आमची तुळई म्हणजे सागवानाने पोलादाशी लावलेला मिश्रविवाह. तिचे गोत्र तेथे कोठून सापडणार? अशा वेळी तुळईचा आडवा छेद आपणच पडद्यावर काढावा लागतो. मधोमध लाकडाचा आयत, दोन्हीकडे चॅनेलचे दोन कंस. मला तर ते थेट कंसात घातलेल्या शब्दासारखे दिसले. मी तसे म्हणालो. भाचीने सौजन्याने मान हलवली.

छेदात पाहायचे काय, तर माल किती यापेक्षा तो कोठे आहे. तिने माझीच फूटपट्टी घेऊन दाखवले. आडवी धरली तर पट्टी बोटाने वाकते, उभ्या कडेवर धरली तर वाकता वाकत नाही. पट्टी तीच, लाकूड तेच. पण रुंदी जाडीच्या दहापट असेल, तर उभी पट्टी आडवीपेक्षा शंभरपट ताठ. या गुणाला ते मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. म्हणून यंत्रात छेद चुकून आडवा पडला, तर बाकी सारे बरोबर असूनही उत्तर हास्यास्पद येते. शिवाय दोन वेगळे पदार्थ एका पंक्तीला बसवायचे, तर एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावे लागते. पोलाद सागवानाहून सुमारे वीसपट ताठ. त्या हिशेबाने आमची सहा इंची सागवानी तुळई आठ मिलिमीटरांच्या पोलादी पट्टीच्या बरोबरीची ठरली. पणजोबांच्या तुळईचा असा पाणउतारा मला रुचला नाही.

यंत्राने आकडे गिळले आणि उत्तर दिले : तुळई भक्कम आहे. मी आनंदाने दादाला फोन केला, आईला वर जाऊन सांगितले. आई म्हणाली, "ते मला ठाऊकच होतं."

रात्री साडेअकराला पाहतो, तो भाची माजघरात दिवा लावून वर बघत बसलेली.

"मामा, मी तिघांना एकजीव धरलंय."

"मग?"

"मी छेद काढला, की मशीन समजतं सगळं एकत्र वाकणार. कड्या टेकल्यात लाकडावर. बोल्ट ढिले असले, तर भार चॅनेलपर्यंत पोचणारच नाही. ती नुसती सोबतीला उभी राहतील."

तिच्या हिशेबात तीनातले दोन वाटे भार ही चॅनेल उचलीत होती. मग तिने मला एक गोष्ट सांगितली. ती वापरते त्या सॉफ्टवेअरचे नाव सॅप. त्याचा मूळपुरुष १९७० साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात एडवर्ड विल्सन या प्राध्यापकाने रचला. सॅप म्हणजे बोली इंग्रजीत बावळट. यंत्राला अक्कल नसते, ती वापरणाऱ्याने आणायची, याची आठवण राहावी म्हणून त्याने मुद्दाम हे नाव निवडले. शब्दाची निवड इतकी चोख करणारा इंजिनिअर मला फार आवडला. पण त्या घटकेला त्याचे कौतुक करायला मन थाऱ्यावर नव्हते. त्या बावळटाच्या शब्दावर मी आईला शाश्वती देऊन बसलो होतो, आणि ती वर शांत झोपली होती. मी तसाच वर गेलो, तिला उठवले आणि खाली आणून निजवले. कारण विचारले तेव्हा खरे ते सांगितले. तिने एवढेच विचारले, "बोल्ट तुझ्या वडिलांनी आवळून घेतले होते ना?"

सकाळी भाचीने बोल्ट तपासले. सातांपैकी चार बोटांनी फिरले. लाकूड इतक्या वर्षांत सुकून आकसले होते आणि लोखंड होते तिथेच राहिले होते. यात मिस्त्रीचा दोष नाही, वडिलांचा नाही, आणि बॅटरी खाली करणाऱ्याचाही नाही, असे भाचीने मला दोनदा सांगितले.

मग टेकू आले, सुतार आला, फिटर आला. तुळई टेकूंवर हलकी उचलून जाड वॉशर आणि नवे बोल्ट बसवले. चिरीपाशी दोन जास्तीचे. भाचीने चिरलेल्या लाकडाची ताकद कमी धरून पुन्हा हिशेब केला आणि बोल्टांचा निराळा केला. दादा स्वतः येऊन सगळे पाहून गेला. पुण्याचे नाव त्याने काढले नाही, पण वर्षाकाठी एकदा बोल्ट तपासायचे, असे मजकडून कबूल करून घेतले. अकरा रात्री खाली काढून बाराव्या दिवशी आई आपली उशी काखेत मारून वर गेली.

परवा मी वाईला गेलो होतो. माजघरात चहा पीत बसलो आणि सवयीने कान वर लावला. तुळई गप्प. आई पलंगावर आहे की खिडकीशी, काही कळेना. शेवटी कप तसाच ठेवला आणि पाहायला जिना चढून वर गेलो.