दांडिया बाजार ते भायली

आमच्या घरापासून आमच्या घरापर्यंत साधारण ७ किलोमीटर अंतर आहे. मधे विश्वामित्री. दर रविवारी सकाळी मी किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकते, वासणा रोडनं अकोट्याला येते, सोलरच्या पट्ट्यांचं छत असलेल्या पुलावरून नदी ओलांडते आणि दांडिया बाजारात उतरते. कुलूप उघडते, सगळ्या खिडक्या उघडते, केर काढते, नळ दोन मिनिटं सोडून ठेवते, खिडक्या लावते, कुलूप घालते आणि परत भायलीला भाड्याच्या घरी येते. दीड वर्ष हे चाललंय.

घर माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलेलं. अरुंद, खोल, तीन मजली. खाली ओटा आणि माजघर, मागे परसू, परसात पावसाच्या पाण्याचं टाकं. वर जायला असा जिना की नवी सून पहिल्या दिवशी दोरी धरायला शिकते आणि मग काही वर्षांनी दोरी विसरते. मी चौदा वर्षांत विसरले होते. अण्णा, म्हणजे माझे सासरे, ७६ वर्षांत विसरले होते. मग २०२३च्या दिवाळीत, हातात पणत्यांचं ताट असताना, ते खालच्या चार पायऱ्या एकदम उतरले.

हाड मोडलं नाही, पण गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, जिना बंद. आमचं न्हाणीघर खाली, झोपायच्या खोल्या वर. अण्णांना माजघरात खाट टाकून दिली तर दिवसभर गल्लीतले सगळे ओट्यावरून तब्येत विचारून जायचे. दोन महिन्यांत ते कंटाळले आणि एक दिवस स्वतःच म्हणाले, "लिफ्टवालं घर बघा. हे विकून टाकू."

तेव्हा आम्हाला वाटलं, तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे.

आधी विकत का घेतलं नाही, असं सगळ्यांनी विचारलं. एक कारण साधं: पैसे जुन्या घरात अडकलेले. दुसरं आमच्या सीएंनी सांगितलं, आणि ज्यांच्या घरी ही वेळ येणार आहे त्यांनी ते लक्षात ठेवावं. जुनं घर विकून जो नफा होतो त्यावरचा कर नव्या घरात पैसे घालून वाचवता येतो, पण नवं घर विक्रीच्या आधी १ वर्षाच्या आत किंवा नंतर २ वर्षांच्या आत घेतलेलं पाहिजे. उत्साहानं आधीच घेऊन बसलात आणि जुनं घर दीड वर्ष विकलं नाही, तर ती सवलत हातची गेली. म्हणून भाड्यानं.

घर शोधायला आम्ही तिघं जायचो. नवरा हालोलला नोकरीला, त्यामुळे शनिवार-रविवारच. प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न. "केटला जणा छो?" पाच. "वेज के नॉनवेज?" इथे माझा नवरा घसा खाकरायचा. अण्णा मात्र पहिल्याच ठिकाणी सरळ म्हणाले, आम्ही मासे खातो, रविवारी, आणि खिडक्या लावून खातो. ते घर मिळालं नाही. त्यापुढची दोनही नाहीत. चौथ्या घराच्या मालकीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, खिडक्या लावू नका, वास आतच राहील. ते घर घेतलं. भायलीत, पाचव्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. भाडं १६,०००, दोन महिन्यांचं डिपॉझिट, दलालाला एक महिन्याचं भाडं. करार ११ महिन्यांचा, पोलिसात भाडेकरूची नोंद. मार्च २०२४मध्ये टेम्पोच्या दोन खेपांत आम्ही नदीपलीकडे आलो. हिंचका आणला नाही. टांगायला जागाच नव्हती.

भायली हे काल-परवापर्यंत गाव होतं. २०२०मध्ये महानगरपालिकेत आलं. अजून गावाचा आणि शहराचा हिशेब मिटलेला नाही. आमच्या बाल्कनीतून एका बाजूला चौदा मजल्यांचे टॉवर दिसतात आणि दुसऱ्या बाजूला एरंडीचं शेत, ज्यात सकाळी मोर येतो. रस्ते इतके रुंद की दांडिया बाजाराची सवय असलेल्या माणसाला ओलांडताना भीती वाटते. रस्त्याच्या पलीकडे असलेल्या माणसाशी बोलता येत नाही, हे मला इथे येऊन कळलं. आमच्या गल्लीत समोरच्या काकूंना हाक न मारता, नुसतं खिडकीतून साखरेची वाटी दाखवून साखर मागता यायची.

पहिल्या महिन्यात डाळ शिजेना. बोअरचं पाणी. अण्णांनी चहा एक घोट पिऊन खाली ठेवला आणि म्हणाले, "आजव्याचं पाणी ते आजव्याचं." मग मी रविवारी जुन्या घरून परतताना दोन कॅन भरून आणू लागले. शेजारणीला वाटायचं, आम्ही कुठल्यातरी तीर्थाचं पाणी आणतो.

पण लिफ्ट! अण्णा दिवसातून चार वेळा खाली जाऊ लागले. दोन महिन्यांत त्यांना वॉचमनच्या मुलीची इयत्ता माहीत, बी विंगमधल्या रिटायर्ड मामलतदारांचा पेन्शनचा घोळ माहीत. एकदा लिफ्टमध्ये कोणीतरी फोनवर "अगं ऐक ना" म्हणालं आणि अण्णांनी सातव्या मजल्यापर्यंत त्यांच्याबरोबर जाऊन गाव, आडनाव, माहेर, सगळं विचारून घेतलं. आता त्या कुटुंबाकडून आम्हाला डिंकाचे लाडू येतात. माझा मुलगा, जो जुन्या घरात गच्चीशिवाय कुठे खेळला नव्हता, तो इथे सायकल शिकला. हे मी सांगतेय कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून भायलीबद्दल तक्रार आहे असं वाटेल. तशी नाही.

जुनं घर विकेना, एवढीच गोष्ट.

मागितलेली किंमत ८५ लाख. ती कुठून आली? पुण्याच्या काकांनी कोणाकडून तरी ऐकली होती. मे महिन्यात एकानं ७४ सांगितले, तेव्हा आम्ही सगळे जवळजवळ दुखावलो. सागवानी खांबांचं घर, सूरसागर चालत दहा मिनिटांवर, आणि ७४? त्यानंतर आठ महिन्यांत ७०च्या वर कोणी बोललं नाही.

घर दाखवायचं काम माझं. मिळकतीच्या कुठल्याच कागदावर माझं नाव नाही, पण किल्ल्या माझ्याकडे. येणारा माणूस ओट्यावर उभा राहूनच विचारायचा, गाडी कुठे लावायची. तिथेच निम्मे लोक संपत. एक बाई आत आल्या, जिना पाहिला आणि दोरीला हात लावून परत गेल्या. एक गृहस्थ तासभर थांबले, प्रत्येक खांबावर टकटक करून पाहिलं, कोनाड्यांचे फोटो काढले. मला वाटलं, जमलं. ते जुन्या लाकडाचे व्यापारी निघाले. त्यांना खांब, तुळया आणि दाराची चौकट हवी होती. घर आम्ही ठेवावं.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीला पूर आला. तीन दिवस आम्हाला नदीपलीकडे जाता आलं नाही. टीव्हीवर कोणाच्या तरी अंगणात मगर दिसत होती आणि अण्णा दर तासाला समोरच्या काकूंना फोन करत होते. आमच्या ओट्याच्या दोन पायऱ्या पाण्यात गेल्या, आत आलं नाही. पण त्या पुरानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बदलला. "पाणी भराय छे?" खरं ते सांगितलं: दोन पायऱ्या. सांगताना मला नेहमी वाटायचं की मी घराची चुगली करतेय.

पुरानंतर दहाच दिवसांनी गणपती. अण्णा म्हणाले, मूर्ती त्याच घरात बसेल. त्यांना व्यायामशाळेतल्या दोन मुलांनी खुर्चीसकट आत नेलं. पाच दिवस आम्ही सतरंज्या टाकून माजघरात राहिलो. बंद घराचा वास उदबत्तीनं जात नाही. पाचव्या दिवशी, पन्नास माणसं जेवून गेल्यावर गेला. गल्लीतल्या सगळ्यांनी विचारलं, विकलं का? सगळ्यांना "नाही" सांगताना मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

पण घराला ते पाच दिवस पुरत नाहीत. डिसेंबरमध्ये मधल्या खोलीच्या चौकटीत वाळवी निघाली. गच्चीवरच्या खोलीत कबुतरांनी संसार मांडला. माणूस राहतो तेव्हा घरात रोज काहीतरी दुरुस्त होत असतं आणि कोणाला कळत नाही. खिळा ठोकला, पन्हळ साफ केली, दाराला तेल घातलं. ते थांबलं की सहा महिन्यांत घर दहा वर्षांनी म्हातारं दिसतं आणि गिऱ्हाइकाला तेवढंच दिसतं.

कागदांची वेगळीच कथा. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून अण्णांच्या वडिलांचंच नाव. वारसाई झालेलीच नाही. पेढीनामुं करा, मृत्यूचे दाखले काढा, तिन्ही भावंडांच्या सह्या घ्या. इंदूरच्या आत्या म्हणाल्या, मला काही नको, मी हक्ककमी करून देते. अण्णांनी ऐकलं नाही. "वडिलांचं घर आहे. तिसरा हिस्सा तुझा." शिवाय आमची गल्ली अशांत धाऱ्यात येते. १९९१चा तो कायदा लागू असलेल्या भागात विक्रीला आधी कलेक्टरची परवानगी लागते. हे सगळं आम्ही गिऱ्हाईक आल्यावर करू म्हणून ठेवलं होतं. एक बऱ्यापैकी गिऱ्हाईक आलं, कागद मागितले आणि "तयार झाले की सांगा" म्हणून गेलं ते गेलंच. तुमच्या आजोबांच्या नावावर घर असेल तर वारसाई आज करा, घर विकायचं नसलं तरी. सह्या करणारी माणसं आहेत तोवर.

फेब्रुवारी २०२५मध्ये भाड्याचा दुसरा करार झाला, १७,०००चा. जूनमध्ये एका रात्री मी वहीत हिशेब मांडला. १६ महिन्यांचं भाडं २,६१,०००. दलाली, टेम्पो धरून २,८६,०००. मग दुसरी ओळ लिहिली, जी आमच्यापैकी कोणीच लिहिली नव्हती: ७२ लाख बँकेत असते तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ४,६८,०००. म्हणजे आम्ही ८५ लाखांची वाट पाहत नव्हतो, वाट पाहायचे पैसे भरत होतो. पानाचा फोटो काढून मी काकांना पाठवला. सून म्हणून हे आगाऊपणाचं होतं, हे मला माहीत आहे.

काकांचा दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला, तो अण्णांना. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. काका म्हणत होते, दादा, तिनं लिहिलंय ते बरोबर आहे, पण ७२ घेतले तर बाबांच्या घराची किंमत तेवढीच होती असं होईल. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबांनी ते ११ हजारांना घेतलं होतं रे."

गिऱ्हाईक मिळालं ते कुठल्याच दलालानं आणलेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं छपाईचं दुकान आहे, त्यांना कागद ठेवायला जागा हवी होती आणि वर मुलाचा संसार. वीस वर्षं आमच्या लग्नपत्रिका त्यांनी छापल्या. त्यांना पार्किंग नको होतं, गाडी दुकानासमोरच लागते. पाणी किती चढतं ते त्यांना आमच्याहून जास्त माहीत. आम्ही दीड वर्ष अलकापुरी, गोत्रीहून माणसं बोलावत होतो आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, ८५ ऐकून आपण काय विचारायचं.

७२ला जमलं. जुलैत बानाखत झालं, आपण ज्याला इसारपावती म्हणतो ते. हिस्सा प्रत्येकी २४ लाख. त्यात भायलीत दोन खोल्यांचं घर येत नाही. कर्ज काढावं लागेल, किंवा भाड्यानंच राहावं लागेल. अण्णा म्हणतात, राहू की. पाचव्या मजल्यावरचा वारा चांगला आहे. आत्यांनी त्यांचे २४ नातवाच्या नावानं ठेवायला सांगितले. माझ्या मुलाच्या. त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

दस्तावेज व्हायचा आहे. अर्ज कलेक्टर कचेरीत आहे. तोवर किल्ली माझ्याकडेच, आणि रविवारही.

परवा छापखान्याचे काका म्हणाले, यंदाही गणपती तिथेच बसवा, आम्हाला काही घाई नाही. मी आनंदानं अण्णांना येऊन सांगितलं. अण्णांनी मान हलवली. "यंदा इथे. फक्त मूर्ती लहान आणा, लिफ्टमध्ये मावली पाहिजे." मग थोड्या वेळानं विचारलं, हिंचक्याच्या कड्या काढून आणता येतील का. मी म्हटलं, टांगायला जागा नाही, अण्णा. ते म्हणाले, "टांगायच्या नाहीत. आणून ठेव."

पुढच्या रविवारी सुताराला घेऊन जातेय.